कडेवर घेतलं म्हणजे वाचलं, असं नाही

आम्ही नांदगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. या कार्यक्रमात आपण एरवी शेळ्यांचे आजार, कर्जाचे हप्ते, पोरींच्या शाळा यांवर बोलतो. आज आम्ही कुत्र्यांवर बोलणार आहोत. कोणाला हसू येईल. पण आमचा १२ जणींचा गट, ८ वर्षांत एक हप्ता न चुकलेला, दोन कुत्र्यांवरून मोडायला आला होता. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

आमच्या वस्तीवर पूर्वी कुत्री म्हणजे गावठीच. मोत्या, वाघ्या, काळू. त्यांना कोणी विकत आणलं नव्हतं. उरलेली भाकरी खायची, रात्री अंगणात भुंकायची. त्यांचीही भांडणं व्हायची, पण त्यात आवाजच जास्त. सगळी एका मापाची, आईजवळ आणि भावंडांत वाढलेली. किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, कधी शेपूट घालायची, कधी सोडून द्यायचं, हे त्यांना लहानपणीच कळलेलं असायचं.

आता तसं राहिलं नाही. एका घरात पोरांच्या हट्टानं पॉमेरियन येतं, पग येतो. कोणाचा मुंबई-पुण्याचा भाऊ बदली झाली म्हणून आपलं लाडकं कुत्रं बहिणीच्या मळ्यात आणून सोडतो. आणि शेजारच्याच मळ्यात राखणीला रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, नाहीतर पिटबुल येतो. त्यालाही कारण आहे. चाळीत कांदा भरलेला असतो, विहिरीवरून केबल आणि मोटारी चोरीला जातात, घरात पुरुष माणूस रात्रपाळीला. मोठं कुत्रं असलं की बाईला झोप लागते. तेव्हा मोठं कुत्रं पाळणारीला आम्ही नावं ठेवणार नाही. पण एक ४-५ किलोचं आणि दुसरं ४०-४५ किलोचं, मधे फक्त एक बांध. एवढं मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

झालं ते असं. मार्गशीर्षातला गुरुवार होता. गटाची बैठक आळीपाळीनं एकेकीच्या घरी होते, त्या दिवशी वहिनींकडे होती. त्यांच्याकडे शेरा, रॉटवायलरच्या जातीचा, दोन वर्षांचा. कांदाचाळीशेजारी लिंबाखाली लोखंडी खुंटीला दिवसभर बांधलेला, रात्री मोकळा. आणि आमच्या मावशीची चिंगी. पांढरी पॉमेरियन, मावशी जिथं जाईल तिथं पाठोपाठ. बैठकीलाही यायची. आली की थेट शेराच्या समोर जायची आणि त्याची साखळी जिथवर पोचते त्याच्या एक हात पलीकडं उभी राहून भुंकायची. साखळीचं माप तिला बरोबर कळलं होतं. तो उड्या मारायचा, तोंडाला फेस यायचा. आणि आम्ही हसायचो. किती ती ऐट, म्हणायचो. तीन बैठका आम्ही हसलो.

चौथ्या वेळी साखळीची कडी तुटली. शेरा सुटलेला दिसला तशी मावशीनं चिंगीला चटकन उचलून कडेवर घेतलं. कोणीही हेच केलं असतं, लेकराला घेतो तसं. शेरानं थेट छातीवर उडी घेतली. मावशी पडली, हात कोपराखाली फाटला. चिंगी खाली आली, त्यानं तिला पाठीवर धरून दोनदा झटकलं. वहिनींचा मुलगा ओरडत धावला, तेव्हा त्यानं सोडलं. हे सांगायला जितका वेळ लागला तितकाही त्याला लागला नाही.

पुढचं ऐकताना आम्हाला अजून वाईट वाटतं. चिंगी उठून उभी राहिली. चार पावलं चाललीसुद्धा. पाठीवर दातांच्या दोन खुणा, रक्त अगदी थोडं. आम्ही म्हटलं, वाचली. हळद लावली, पाटीत गोणपाटावर ठेवली. सगळ्यांचं लक्ष मावशीच्या हाताकडे, आणि ते बरोबरच होतं. मावशीला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. रात्री चिंगीची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलायला लागली. पहाटे ती गेली.

नंतर आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा जखमेनं कशी मेली? त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोठं कुत्रं लहानाला धरून झटकतं तेव्हा कातडी सैल असल्यामुळं वरून फाटत नाही. दाताचं भोक तेवढं दिसतं. आत मात्र मांस सुटलेलं असतं, बरगडी मोडलेली असते, फुप्फुसाला भोक पडलेलं असतं, पोटात रक्त साठत असतं. म्हणून मोठ्या कुत्र्यानं लहान कुत्र्याला तोंडात धरलं असेल, तर जखम दिसो न दिसो, ते चालत असो की खात असो, त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना दाखवायचं. हिरड्या पांढऱ्या पडणं, श्वास भरभर चालणं, पोट फुगणं, गळून जाणं ही आत काही झाल्याची चिन्हं. ती दिसेपर्यंत थांबायचंही नाही. नेताना उचलून लोंबकळत न्यायचं नाही. पुठ्ठा, फळी, नाहीतर पाटी घ्यायची, खाली कापड घालायचं आणि सरकवून त्यावर घ्यायचं. दुखावलेलं कुत्रं आपल्या माणसालाही चावतं, तेव्हा तोंडाजवळ हात नको. आणि घरातली माणसाची दुखण्याची गोळी द्यायची नाही, ती कुत्र्याला विषासारखी होऊ शकते. शेळी-गाईसाठी आपण १९६२ या नंबरला फोन करतो, तिथंही विचारून पाहा, जवळचा दवाखाना कुठला उघडा आहे ते तरी कळतं.

मग आमचा दुसरा प्रश्न होता कडेवर घेण्याचा. मावशीनं चूक केली का? डॉक्टर म्हणाले, चूक नाही, उशीर झाला. मोठं कुत्रं लांब असतं, आपल्याकडं नुसतं बघत असतं, तेव्हा लहान कुत्र्याला शांतपणे उचलावं, पदराखाली झाकावं, पाठ फिरवून चालत निघावं. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. पण मोठं कुत्रं धावत सुटलं असेल तर हातातलं, वर धरलेलं, केकाटणारं लहान कुत्रं त्याला आणखी खेचतं. ते उडी मारतं आणि मधे आपला चेहरा, मान, हात येतो. त्या वेळी लहान कुत्रं कशाच्या तरी आत टाकायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खोलीत ढकलून दार ओढायचं, कोंबड्यांचं डालगं जवळ असलं तर त्याखाली. निदान आपल्या आणि त्याच्या मधे बाज, सायकल, पाटी असं काही आडवं धरायचं. काठी असली तर आडवी धरायची, मारायची नाही. मार बसला की बरीच कुत्री आणखी चवताळतात.

आणि दोघं भिडलीच तर? मधे हात घालायचा नाही. हे आम्ही इथं सांगतोय, पण वेळ आली की हात आपोआप जातो, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. तोंडात धरलेलं लहान कुत्रं ओढायचं नाही, ओढलं की फाटतं. पाण्याची बादली तोंडावर मारा, मोटारीचा पाइप चालू असला तर तो धरा, ओलं गोणपाट नाहीतर गोधडी मोठ्याच्या डोक्यावर टाका. डोळ्यांपुढं अंधार झाला की पुष्कळदा पकड सुटते. ताट-घमेलं वाजवून दचकवता येतं. मोठ्या कुत्र्याला मागून आवरायचं काम त्याच्या मालकानंच करावं, परक्यानं नाही, आणि पोरांनी तर अजिबात नाही.

आता शेराबद्दल. चिंगी गेली त्या दिवशी वस्तीवर एकच बोलणं होतं, राक्षस आहे तो, मारून टाका. एक जण म्हणाला, भाकरीत औषध घालतो. दुसरा म्हणाला, टेम्पोत घालून मनमाडच्या पलीकडं सोडून देऊ. वहिनी रडत होत्या आणि काहीच बोलत नव्हत्या. आमच्यातली सगळ्यात म्हातारी, तिला आम्ही आक्का म्हणतो, तिनं सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसवता, खंडोबासमोर भंडारा उधळता, नामदेवानं भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली म्हणून कीर्तनात डोळे पुसता, आणि घरच्या कुत्र्याला विष घालता? आम्ही नंतर चौकशी केली, तर विष घालणं हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारण्या-लुळं करण्याला ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि दुसऱ्या गावात सोडून देणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्या बाईच्या दारात नेऊन टाकणं.

आम्हाला पटलं ते डॉक्टरांचं म्हणणं. शेरा जन्मतः राक्षस नव्हता. तो ३० दिवसांचा असताना आणला, म्हणजे आई-भावंडांत शिकायचं ते शिकलाच नाही. पिल्लू निदान ८ आठवडे आईजवळ हवं. नंतरचे महिने खुंटीला. परकी माणसं, लहान कुत्री, शेळ्या, सायकली हे सगळं त्यानं साखळीच्या टोकावरून बघितलं, जवळ जायला कधी मिळालं नाही. समोर रोज कोणीतरी येऊन भुंकतंय, आणि आपल्याला तिथवर जाता येत नाही. असं माणसाला ठेवलं तरी डोकं फिरेल. आणि लहान कुत्रं केकाटत पळायला लागलं की मोठ्याला ते कुत्रं न वाटता ससा वाटू शकतं. एरवी गरीब असलेलं कुत्रंही त्या क्षणी शिकारीसारखं वागतं. म्हणून आमचा कधी कोणाला चावला नाही, या बोलण्यावर विसंबू नका.

यातली एक गोष्ट आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हती. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. कुत्र्याला फार आखूड किंवा फार जड साखळीनं बेसुमार वेळ बांधून ठेवणं त्यात गुन्हा धरलं आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवून आणलं नाही, तर तेही त्यात येतं. म्हणजे आपण राखणीचं कुत्रं म्हणून जे करतो ते कायद्यानंही चुकीचं, आणि राखणीच्या दृष्टीनंही. सतत बांधलेलं कुत्रं चोरावरच धावेल असं नाही, पहिल्यांदा जे हाताला लागेल त्याच्यावर धावतं.

मावशीच्या बाजूनंही एक कलम आहे. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून मालकानं काळजी घेतली नाही, तर न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मावशीचा पुतण्या पोलिसांत जायला निघाला होता. मावशीनंच थांबवलं. ती म्हणाली, मला दंड नको, मला परत त्या रस्त्यानं जाता यायला हवं.

त्या काळात मोबाईलवर सगळे एकमेकांना बातम्या पाठवत होते. जुलै २०२२ मध्ये लखनऊला एका वृद्ध बाईचा घरच्याच पिटबुलनं जीव घेतला, ती बातमी फिरत होती. सरकारनं अशा जातींवर बंदी घातली आहे, असंही कोणी म्हणालं. खरं काय ते ऐका. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं, की पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींना परवाने देऊ नका, त्यांची विक्री आणि पैदास थांबवा, आणि आधीच घरात असलेल्यांची नसबंदी करा. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द ठरवलं, सगळ्यांचं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून. आम्हाला वाटतं, जातीच्या नावावर फार वेळ घालवू नये. आमच्या वस्तीवरचं एक भलंथोरलं गावठी कुत्रं शेरापेक्षा जास्त वेळा लहान कुत्र्यांवर धावलंय. मात्र मोठ्या जबड्याच्या कुत्र्याची एक चूक लहान कुत्र्याला जिवानिशी नेते, हा फरक आहेच. म्हणून मोठं कुत्रं आणणाऱ्या घराची जबाबदारी जास्त. त्याला किती किलो खाणं लागेल याचा विचार होतो, त्याला रोज कोण फिरवणार याचाही व्हावा. आणि नसबंदी करून घ्यावी, डॉक्टरांना विचारून.

आता लहान कुत्र्याच्या घरानं काय करायचं? आम्ही ठरवलं ते सांगतो. पहिलं म्हणजे हसायचं नाही. लहान कुत्रं मोठ्यावर भुंकतंय ही गंमत नाही. भीतीनं भुंकतं ते. तिथून त्याला उचलून न्यायचं. बांधाबाहेर पडताना पट्टा हवाच, आणि तो गळ्यात न घालता छातीवरून जाणारा घ्यायचा, कारण गळ्याचा पट्टा जोरात ओढला तर लहान कुत्र्याचा श्वासच अडकतो. बाजारात मिळाला नाही तर रुंद नाडीचा घरी शिवता येतो, आमच्या गटातल्या शिवणकामवालीनं तीन शिवले. आतून मऊ कापड लावायचं, नाहीतर काखेत सोलतं. घराला कुंपण असेल तर खालच्या फटी बघा. आपण वरच्या तारा मोजतो, लहान कुत्रं खालून जातं. आमच्याकडं फाटकाला खालून मुरूम टाकून आणि जुनी पत्र्याची पट्टी ठोकून काम झालं.

मोठ्या कुत्र्याची नजर वाचायला शिकायचं. शेपूट हलतेय म्हणजे प्रेमानं आलंय, असं आपण समजतो. सैल अंगानं, कमरेसकट शेपूट हलवणारं कुत्रं वेगळं. अंग ताठ, शेपूट वर उभी करून टोक तेवढं हळूहळू हलवणारं, तोंड मिटून एकटक बघणारं, पाठीवरचे केस उभे झालेलं कुत्रं वेगळं. हे दिसलं की भुंकण्याची वाट बघायची नाही. बऱ्याचदा चावणारं कुत्रं आधी गप्प होतं.

काही दिवस जास्त जपायचे. भाद्रपदात कुत्र्यांचा हंगाम, तेव्हा नर एकमेकांवर उठलेले असतात. आपली कुत्री त्या काळात असेल तर तिला घरातच ठेवायची, आणि मोठ्या कुत्र्याच्या लहान कुत्रीवरच्या लागणीनं बाळंतपणात तिचा जीव जाऊ शकतो, हेही लक्षात ठेवायचं. व्यालेल्या कुत्रीजवळ लहान कुत्रं जाऊ द्यायचं नाही. बोकड कापल्यावर, लग्नाच्या पंगतीनंतर हाडं पडतात, तिथं तर नाहीच.

आणि मेंढपाळांचे दिवस. बाजरी, मका निघाला की शिवारात मेंढ्यांचे वाडे उतरतात. आपणच त्यांना शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो, खतासाठी. त्यांची कुत्री उंच, दणकट, आणि रात्री मोकळी. त्यांना वाईट म्हणू नका, त्यांचं कामच ते आहे. लांडगा येवो की परकं कुत्रं येवो, मेंढराजवळ फिरकू द्यायचं नाही. आमच्या शेतात वाडा उतरला तेव्हा आम्ही पालाजवळ जाऊन तिथल्या बाईशी बोललो. तिनं तीन कुत्री दाखवली, नावं सांगितली, कोणतं जास्त कडक ते सांगितलं. म्हणाली, बाई, लांबूनच हाक मारून येत जा, मी धरते. पण तुमचं कुत्रं रात्री मेंढरांत शिरलं तर आमचं थांबणार नाही, आणि आम्हीही थांबवणार नाही. सरळ बोलणं. वाडा हलेपर्यंत त्या चार रात्री आम्ही आमची कुत्री पडवीत कोंडली. काही झालं नाही. शेरा आणल्यावर वहिनींनी असं आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. दारात आलेल्या परक्या बाईला जे विचारलं ते रोजच्या शेजारणीला विचारायचं सुचलं नाही.

मावशीच्या हाताचंही सांगायचं राहिलं. कुत्रं चावलं की, मग ते ओळखीचं असो, घरचं असो, लस दिलेलं असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, १५ मिनिटं फार मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं रेबीजची लस फुकट मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखा चुकवायच्या नाहीत. दोन इंजेक्शनं झाली, आता बरं वाटतंय म्हणून थांबतात, तसं नको. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही. मावशीच्या सगळ्या तारखा आम्ही गटाच्या वहीत हप्त्यांच्या रकान्याशेजारी लिहून ठेवल्या होत्या आणि दर वेळी एक जण तिच्यासोबत गेली. कुत्र्यांनाही तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. चिंगीची झाली होती. शेराची राहिली होती.

गट कसा टिकला? खरं सांगायचं तर दोन महिने टिकला नव्हता. मावशी बैठकीला येत नव्हती, वहिनी हप्ता मुलाच्या हाती पाठवत होत्या. आम्ही बाकीच्या दहा जणी, पाच इकडं, पाच तिकडं. मकरसंक्रांतीला हळदीकुंकू झालं, दोघी एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत. शेवटी आक्कानं मारुतीच्या पारावर बैठक घेतली. तिथं कोण जास्त चुकलं हे ठरवायला बसलो असतो तर आजही बसलेलो असतो. आक्का म्हणाली, मागचं राहू द्या, उद्या सकाळी कोण काय करणार ते एकेक बोला.

वहिनी म्हणाल्या, शेराला लस आणि नसबंदी या महिन्यात. साखळी बंद, चाळीशेजारी जाळीचा वाडा बांधू, उभं राहता, फिरता येईल एवढा. खर्च १२ हजार सांगितला लोहारानं. गटातून ६ हजार कर्ज दिलं, आणि मावशी त्या कर्जाला जामीन राहिली. हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. वहिनींचा मुलगा सकाळ-संध्याकाळ शेराला घेऊन पाझर तलावापर्यंत जातो, तोंडाला जाळी घालून. त्याची वेळ वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी लहान कुत्री घरात. बैठक आता कोणाच्या घरी होत नाही, पारावर होते, आणि बैठकीला कुत्रं आणायचं नाही.

चैत्रात मावशीकडं पिल्लू आलं. तिनं आणलं नाही, नातीनं आणलं. तपकिरी, कान एक उभा, एक पडलेला. मावशी म्हणाली, हिला लपवून वाढवणार नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. दोघांपैकी कोणाच्याच अंगणात नाही, कारण आपल्या हद्दीत कुत्रं जास्त कडक होतं. मधल्या पडीक रानात. शेरा रस्त्याच्या एका अंगाला मुलाजवळ, पिल्लू दुसऱ्या अंगाला मावशीजवळ, मधे चांगलं ४०-५० पावलांचं अंतर. दोघांनाही एकाच दिशेनं चालवायचं, समोरासमोर नाही. पट्टा सैल. शेरा तिकडं बघून न ताठरता परत मुलाकडं बघतो की त्याला भाकरीचा तुकडा. १० मिनिटं, मग घरी. पहिले आठ-दहा दिवस शेरा नुसता ओढत होता. आता तो जमीन हुंगत चालतो, मधेच पिल्लाकडं बघतो आणि पुढं जातो. अंतर २० पावलांवर आलंय.

एकाच घरात दोन्ही मापांची कुत्री असलेल्या मैत्रिणींनी आम्हाला फोन करून विचारलं होतं, की आमची तर एकत्रच राहतात, मग काय? त्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलं. खाणं वेगवेगळ्या जागी आणि दार लावून. घरात कोणी नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही, वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहत असली तरी. आणि लहानाला वर चढून बसायला अशी एक जागा, जिथं मोठं पोचत नाही. एकीनं जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर गोधडी घातलीय.

आमच्या दोघांना अजून एकत्र सोडलेलं नाही. सोडायची घाईही नाही, कदाचित कधीच सोडणार नाही. मावशीचा हात पूर्ण बरा झाला, पण वहिनींच्या फाटकातून ती अजून आत जात नाही. बाहेरून हाक मारते. वहिनी चहा बाहेर आणतात, बांधावर बसून पितात दोघी.

येत्या गुरुवारी पारावर कुत्र्यांच्या लशीसाठी डॉक्टरांना बोलावलं आहे, सकाळी ८ ला. मोठी कुत्री ८ ते ९, लहान ९ नंतर. जवळपासच्या वस्त्यांवरच्या बायांनी यावं. पट्ट्याशिवाय कोणी आणू नये.